डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि सुईचा धंदा

लग्नसराईत कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला घराघरातले हिशेब आपोआप कळतात. बस्ता काढायला आलेली मंडळी गादीवर टेकली, चहा झाला, की कोणत्या बाबीसाठी किती रक्कम काढून ठेवली आहे हे बोलण्यातून बाहेर येतेच. नवरीचा शरारा इतक्याचा, निकाहचा दुपट्टा इतक्याचा, सासरच्यांचे जोडे इतक्याचे. या यादीत अलीकडे एक नवीन बाब शिरली आहे. गेल्या वर्षी तळोज्याकडच्या एका बाईंनी पसंत करून ठेवलेला शरारा परत केला आणि हलक्या किमतीचा दाखवा म्हणाल्या. कारण विचारले तर उत्तर आले, "भाई, मुलीच्या इंजेक्शनचे पैसे वेगळे काढायचे आहेत." मला वाटले मुलगी आजारी आहे. मी तिच्या तब्येतीसाठी दुआ करणार, एवढ्यात कळले की इंजेक्शन डोळ्यांखालचा काळेपणा घालवण्याचे आहे.

दुकानात हसून विषय संपला. परंतु महिन्याभरातच तोच विषय माझ्या घरात आला.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी २२ वर्षांची आहे. बारावीनंतर तिने आरीकाम शिकून घेतले आणि आमच्या दुकानाचे नवरीचे दुपट्टे गेली तीन वर्षे तीच भरते. तिचा निकाह ठरला. मुलाकडच्या एका बुजुर्ग बाईंनी बोलता बोलता म्हटले, मुलगी छान आहे, पण डोळ्यांखाली थकल्यासारखी दिसते. त्या बाई विसरूनही गेल्या असतील. माझ्या भावजयीने मात्र ते वाक्य मनाला लावून घेतले. जवळच्या एका ब्यूटी पार्लरमध्ये चौकशी झाली. चार बैठका, सोळा हजार रुपये, "मच्छीवाले इंजेक्शन" असे ठरले. पुतणी दुकानात आली आणि मान खाली घालून म्हणाली, "बडे अब्बा, पुढच्या दुपट्ट्यांच्या मजुरीतून कापून घ्या, पण आत्ता दहा हजार द्या."

पैसे देण्यास माझी हरकत नव्हती. परंतु माल पाहिल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत ही व्यापाऱ्याची सवय. मी म्हटले, चल, आधी माल बघू.

पार्लरच्या मागच्या खोलीत एका लहान फ्रीजमधून काचेच्या बारीक बाटल्यांची पेटी काढून मला दाखवण्यात आली. पेटीवरची अक्षरे परदेशी लिपीतली. भारतात माल कोणी आणला त्याचे नाव नाही, आयात परवान्याचा क्रमांक नाही, किंमत नाही. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख जिथे असायला हवी तिथला कागद खरवडलेला. सुई कोण देणार असे विचारले तर उत्तर मिळाले की मॅडमने कोर्स केला आहे. बिल मागितले तर मॅडम हसल्या. "घरचीच माणसे आहात, बिल कशाला?"

आमच्या धंद्यात असा माल आला तर आम्ही पेटी उघडण्याआधीच परत पाठवतो. कापडाचा रंग कच्चा निघाला तर एक कुर्ता जातो. इथे माल डोळ्यापासून बोटभर अंतरावर टोचायचा होता. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि दोघींना घेऊन बाहेर पडलो. भावजय रस्ताभर बोलली नाही.

डाग, घडी आणि अस्तर

दोन दिवसांनी आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सर्वांत आधी पुतणीला खुर्चीवरून उठवून खिडकीपाशी उभे केले. हे पाहून माझा निम्मा विश्वास तिथेच बसला, कारण कापडाचा रंग ट्यूबलाइटखाली कोणी पारखत नाही, दुकानाच्या पायरीवर नेऊनच पारखतात.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत मांडतो. डोळ्यांखालचा काळेपणा हा एकच विकार नाही. निरनिराळ्या कारणांनी तो दिसतो आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर ही कारणे कमीजास्त प्रमाणात मिसळलेली असतात.

पहिले कारण डागाचे. त्वचेतच रंगद्रव्य जास्त साठलेले असते आणि काळेपणा तपकिरी दिसतो. आपल्या भारतीय लोकांत हा प्रकार फार आढळतो. पुष्कळदा तो घराण्यातून येतो. उन्हाने वाढतो. अ‍ॅलर्जीने डोळे खाजत असतील आणि माणूस ते सतत चोळत असेल तर चोळण्यानेही वाढतो.

दुसरे घडीचे. ठाणाला घडी पडली की घडीच्या पोटात काळसर रेघ दिसते. नवा नोकर तिला डाग समजून ठाण बाजूला टाकतो. उजेडाकडे तोंड केले की रेघ नाहीशी होते, कारण ती सावली असते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे उतरणारा खळगा काहींना जन्मतः खोल असतो, काहींचा वयाने खोल होतो. खालच्या पापणीची चरबी पुढे आली तरी तिच्याखाली सावली पडते.

तिसरे अस्तराचे. पातळ मलमलीखालून गडद अस्तर दिसावे तशा त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आणि स्नायू निळसर-जांभळे दिसतात. डोळ्यांखालची त्वचा सर्व शरीरात अत्यंत पातळ, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. अंगात रक्त कमी असेल आणि चेहरा फिका पडला असेल तर हे अस्तर अधिकच उठून दिसते.

परीक्षा सोपी आहे. त्वचा बोटाने हलकेच ताणून पाहतात. डाग असेल तर तसाच राहतो, अस्तर असेल तर अधिक गडद होते, आणि सावली असेल तर समोरून उजेड पडताच विरते. पुतणीचा काळेपणा खिडकीत गेला नाही, ताणूनही गेला नाही. डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून आतला भाग पाहिला आणि आधी रक्त तपासून या म्हणाल्या. हिमोग्लोबिन ८.९ निघाले. स्त्रीमध्ये ते १२ च्या वर असावे लागते.

आता व्यापाऱ्यानेच हिशेब करावा. कापडावर डाग आहे आणि कारागीर म्हणतो की मी त्याच्या खाली कापूस भरून देतो. कापूस भरल्याने घडी निघेल, डाग कसा निघेल? डोळ्यांखालच्या इंजेक्शनांच्या धंद्यात हीच गफलत रोज विकली जाते.

सुईत असते तरी काय

ज्याला फिलर म्हणतात त्यात बहुधा हायलुरॉनिक आम्ल नावाचा जेलीसारखा पदार्थ असतो. आम्ल हे नावापुरतेच. तो आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असतो आणि पाणी धरून ठेवतो. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातील पारदर्शक गरापासून वेगळा केला. काचेला ग्रीक भाषेत हायलॉस म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. पुढे तो कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढू लागले आणि १९८० च्या सुमारास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग सुरू झाला. चेहऱ्यात भरण्यासाठी त्याआधी, १९८१ पासून, अमेरिकेत गाईच्या कातड्यातील कोलॅजेन वापरले जाई. १९९६ मध्ये स्वीडनच्या कंपनीचे रेस्टिलेन युरोपात आले. ते जिवाणूंच्या साहाय्याने, आंबवण्याच्या पद्धतीने बनवले जाते, त्यात जनावराचा अंश नसतो. आपल्या वाचकांपैकी अनेकांना हा प्रश्न पडतो म्हणून मुद्दाम लिहिले. डुकराच्या कोलॅजेनपासून बनलेली फिलर्सही बाजारात येऊन गेली आहेत. त्यामुळे पदार्थ कशापासून बनला हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगला डॉक्टर पेटीतला माहितीचा कागद काढून दाखवतो.

डोळ्यांखालच्या खळग्यासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्यांदा मान्यता दिली ती २०२२ मध्ये, जुव्हेडर्म व्होलबेला या फिलरला. २०२३ मध्ये रेस्टिलेन आयलाइटला मिळाली. दोन्ही मान्यता २१ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहेत आणि दोन्ही खळग्यासाठी आहेत, काळ्या रंगासाठी नाहीत. त्याआधी डॉक्टर मंडळी आपल्या अनुभवाच्या जोरावर तिथे फिलर वापरीत होतीच, परंतु ज्या कंपन्यांनी इतका खर्च करून मान्यता मिळवली त्यांनीही रंग जाईल असा दावा केलेला नाही हे ध्यानात घ्यावे.

फिलर वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराच्या डोळ्यांखाली इतके खळगे होते की गिऱ्हाईक त्याला तब्येत विचारूनच भाव करी. त्याने मुंबईत प्लास्टिक सर्जनकडे जाऊन फिलर घेतले, पक्क्या बिलाने. वर्ष उलटून गेले तरी फरक दिसतो. त्याची घडी होती, घडी निघाली. पुढे जेली विरते आणि पुन्हा खर्च करावा लागतो, हे त्याला आधीच सांगितले होते.

दुसरे इंजेक्शन पीआरपी. आपलेच रक्त काढून यंत्रात घुसळतात आणि त्यातील प्लेटलेट्सचा भाग डोळ्यांखाली टोचतात. काहींना थोडा फायदा होतो, अनेक बैठका लागतात, आणि निकालाची हमी कोणी देऊ शकत नाही. तिसरे ते "मच्छीवाले", पॉलिन्युक्लिओटाइडचे. सॅमन किंवा ट्राउट माशांपासून काढलेले हे द्रव्य कोरियात लोकप्रिय झाले आणि तिथून सर्वत्र पसरले. त्वचेचा पोत सुधारण्यासाठी ते देतात.

चौथे ग्लुटाथायोन. गोरेपणाचे सलाइन म्हणून जे विकले जाते ते हेच. त्वचा उजळण्यासाठी टोचण्याच्या कोणत्याही औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता नाही. फिलिपिन्समध्ये या सुईचे वेड फार, आणि तिथल्याच औषध प्रशासनाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये जनतेला सावध केले की यकृत, मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेला धोका होऊ शकतो आणि त्वचेचे गंभीर विकार उद्भवू शकतात. जिथे गिऱ्हाईक सर्वाधिक तिथलेच सरकार ओरडून सांगत आहे, यावरून मालाचा अंदाज यावा.

नुकसान कुठवर जाते

सूज, काळानिळा डाग, गाठ, ही लहान नुकसाने. जेली त्वचेच्या फार जवळ भरली गेली तर उजेड तिच्यातून विखुरतो आणि डोळ्यांखाली निळसर छटा येते. म्हणजे काळे घालवायला गेलेला माणूस निळे घेऊन परततो. हायलुरॉनिक आम्लाची जेली विरघळवणारे औषध आहे, त्याचे नाव हायलुरॉनिडेज. परंतु ते त्याच जेलीवर चालते. आमच्याकडे कपडे शिवणाऱ्या एका मास्तरांच्या पत्नीने पार्लरमध्ये असेच काही टोचून घेतले, दोन्ही डोळ्यांखाली वाटाण्याएवढ्या गाठी आल्या. खऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर पहिला प्रश्न आला: भरले काय होते? बाटली फेकून दिलेली, बिल नाही, नाव माहीत नाही. डॉक्टरने विरघळवण्याचे औषध देऊन पाहिले. एक गाठ बसली, दुसरी आजही आहे. ती विरघळण्याजोगी होती की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

मोठे नुकसान डोळ्याचे. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी आतून जोडलेल्या असतात. सुई चुकून रक्तवाहिनीत शिरली आणि जेली दाबाने मागे ढकलली गेली तर ती डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तोडते. तास-दीड तासात रक्तपुरवठा परत आला नाही तर गेलेली नजर बहुधा परत येत नाही. २०१५ मध्ये डॉक्टरांच्या एका पथकाने जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून चेहऱ्यावर फिलर भरल्यामुळे दृष्टीला इजा झालेली ९८ प्रकरणे गोळा केली. २०१९ मध्ये त्यात आणखी ४८ ची भर पडली. नाक, कपाळ आणि दोन भुवयांमधील जागा यांत सर्वात जास्त. लाखो लोक सुई घेतात त्या मानाने ही संख्या लहान आहे हे मान्य. तरी ही फक्त नियतकालिकांत छापून आलेली प्रकरणे. पार्लरच्या मागच्या खोलीतले कोण छापायला जातो?

रक्ताचे इंजेक्शन आपल्याच रक्ताचे म्हणून बिनधोक समजले जाते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्क शहरी विनापरवाना चालणाऱ्या एका सौंदर्य केंद्रात रक्ताचे असेच उपचार होत. २०१८ मध्ये ते बंद करण्यात आले. तिथल्या काही महिला गिऱ्हाइकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तपासात निघाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये त्याचा अहवाल छापला आणि सौंदर्याच्या सुईतून एचआयव्ही पसरल्याची ही पहिली नोंद ठरली. सुया नव्या आहेत का, नळ्यांवर नावे आहेत का, एवढे पाहायला वैद्यकशास्त्र शिकावे लागत नाही.

आपल्या दुकानदारांसाठी

हे पान व्यापाऱ्यांचे आहे, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. जनरल स्टोअर, कटलरी आणि कॉस्मेटिकच्या धंद्यात आपली पुष्कळ मंडळी आहेत. त्यांच्याकडे फेरीवाले एजंट येतात आणि क्रीमच्या डब्यांबरोबर ग्लुटाथायोनच्या बाटल्या, फिलरच्या सिरिंज आणि सुईशिवाय दाबाने जेली आत सोडणारी पेनेही ठेवून जातात. मार्जिन चांगले असते. मोह होतो. या पेनांबद्दल अमेरिकेच्या प्रशासनाने २०२१ मध्येच धोक्याचा इशारा दिला आहे.

आपला कायदा काय म्हणतो ते पाहावे. इंजेक्शनचे औषध विकायला औषध परवाना लागतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ नुसार परवान्याशिवाय औषध विकल्यास कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद, आणि किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या तिप्पट यांपैकी जी जास्त असेल ती रक्कम दंड, अशी तरतूद आहे. फिलर हे वैद्यकीय उपकरणांत मोडते. २०१७ च्या नियमांखाली आयात करणाऱ्याला केंद्राचा परवाना लागतो आणि विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. "मला माहीत नव्हते, एजंटने ठेवले होते" ही सबब जकात नाक्यावरही कधी चालली नाही, इथे तर नाहीच चालणार.

क्रीमच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवावेत. २०२२ मध्ये अकोल्यात एकाच घरातील आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत तपास गेला आणि त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातील १५ जणांत एक ठराविक खूण आढळली आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. डब्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना आणि बॅच नसेल तर तो माल शेल्फवर ठेवणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरात विस्तव ठेवणे. सुरम्याचेही तेच. खड्याचा पारंपरिक सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजापासून बनतो. मी स्वतः वर्षानुवर्षे लावला आहे, पण आता मुलांच्या डोळ्यात घालू देत नाही.

पैशाची बाजूही सांगून ठेवतो. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, पण २०१७ च्या अधिसूचनेत कॉस्मेटिक सर्जरी त्या माफीतून वगळली आहे. अपघात किंवा जन्मजात व्यंगासाठी केलेली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून अशा कामांच्या पक्क्या बिलावर १८ टक्के लागलेले दिसतात. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या डॉक्टरला नोंदणीची गरज नाही, तरी बिल देण्यास अडचण नाहीच. आरोग्य विम्यातही कॉस्मेटिक उपचार वगळलेले असतात. कर वाचतो म्हणून लोक कच्च्या पावतीवर खूश होतात. परंतु १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, तेव्हापासून गिऱ्हाइकाला ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. बिल नसेल तर दाद कशाच्या जोरावर मागणार? बिलावर फिलरचे नाव आणि बॅच नंबर लिहून घ्यावा, शक्य तर पेटीवरची चिकटपट्टी केसपेपरवर लावून घ्यावी, आणि डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाहावा. हे मागितल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडते त्याच्याकडून मी तर साधे अस्तरही घेणार नाही.

आरीची खाट

पुतणीचे काय झाले ते सांगायचे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, उन्हात जाताना लावायचे मलम दिले, खाजेसाठी औषध दिले आणि रात्री लावायचे एक क्रीम दिले. फरक पडायला काही महिने लागतील आणि पूर्ण जाईल असे वचन मी देत नाही, असे स्पष्ट सांगितले. चार वेळच्या मिळून फी आणि औषधांचा खर्च पार्लरच्या एका बैठकीपेक्षा कमी झाला. मग त्यांनी विचारले, डोळे कशाने खाजतात? पुतणी गप्प राहिली. भावजय म्हणाली, "रात्री दोनदोन वाजेपर्यंत आरीच्या खाटेवर वाकून बसते. जरीचा आणि कापडाचा भुगा डोळ्यात जातो, मग चोळत बसते."

ती ऑर्डर कोणाची होती हे डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हते. मला होते. लग्नसराईत दुपट्टे आठ दिवस आधी हवेत म्हणून घाई करणारा मीच, आणि तिचा चेहरा रोज पाहूनही काही न पाहणारा मीच. मुलाकडच्या त्या बाईंनी एका भेटीत जे पाहिले ते मी तीन वर्षांत पाहिले नव्हते.

आपल्या कारागिरांच्या घरांत ही गोष्ट नवी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक. शिलाई, आरी, जरी, बटण-काज, जे काम घरात बसून रात्री होते ते बहुतेक बायकांच्याच वाट्याला येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत, पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय त्यातच येते. सकाळचा एक तास घालवला की रक्ताचा आकडा हातात मिळतो. माझ्याकडे काम करणाऱ्या सहा बायकांना मी पाळीपाळीने पाठवले. दोघींचा आकडा नऊच्या आसपास निघाला. एकीने तर पार्लरमध्ये इंजेक्शनसाठी आगाऊ पैसे भरून ठेवले होते. ते परत मिळायला तिला तीन फेऱ्या माराव्या लागल्या, आणि तिसऱ्या फेरीला मी सोबत गेलो तेव्हा मिळाले.

आरीची खाट आता दुकानाच्या माडीवर, खिडकीशेजारी ठेवली आहे. काम सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. जरीचे काम असेल तेव्हा साधा चष्मा लावायचा, डोळे खाजले तर चोळायचे नाहीत, पाण्याने धुवायचे. दुपट्टा आठ दिवस आधी हवा असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आता पंधरा दिवस सांगतो. या मोसमात त्यामुळे माझी तीन ऑर्डरी दुसऱ्या दुकानात गेल्या.

निकाह ठरल्या तारखेला झाला. काळेपणा तोवर गेला नव्हता, थोडा उतरला होता. हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेले होते. तशी आमच्या अम्मीच्या डोळ्यांखालीही अशीच छटा होती आणि पुतणीचे डोळे तिच्यावरच गेले आहेत, हे निकाहच्या दिवशी तिला सजवताना माझ्या बहिणीने बोलून दाखवले तेव्हा माझ्या लक्षात आले. मुलाकडच्या त्या बुजुर्ग बाईंनी डोळ्यांबद्दल काही म्हटले नाही. त्यांना दुपट्टा आवडला आणि तसाच एक नातीसाठी भरून द्या म्हणाल्या. मी पंधरा दिवस सांगितले.

त्या पार्लरच्या मागच्या खोलीला आता रस्त्याच्या बाजूने वेगळे दार काढले आहे आणि त्यावर "स्किन क्लिनिक" अशी नवी पाटी लागली आहे. डॉक्टरचे नाव पाटीवर कुठे दिसत नाही.